प्रत्यक्ष काम : झाडणे

फोटोवाला म्हणाला, "मॅडम, झाडू वर धरा ना. फोटोत येऊन नाही राहिला."

मी झाडू वर धरला.

कोणी हात पिरगाळला नव्हता. कोणी डोळे वटारले नव्हते. वर धरा म्हटलं, मी धरला. बी.कॉम. झालेला हात. आमच्या घराण्यात पहिल्यांदा पदवी घेतलेला हात.

आमचं गाव नागपूरहून खाप्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर. गाव म्हणायची सवय आहे म्हणून म्हणते. शेतं गेली, लेआउट आले, नागपूरच्या लोकांनी प्लॉट घेऊन बंगले बांधले आणि सरकारनं ग्रामपंचायत मोडून नगरपंचायत केली. इमारत तीच. बाहेरची पाटी तेवढी नवी. त्या दिवशी सभागृहात कार्यक्रम होता. ग्रामपंचायतीच्या जुन्या कर्मचाऱ्यांना नगरपंचायतीत सामावून घेतल्याचे आदेश वाटायचे होते. मंचावर नवे मुख्याधिकारी. त्यांना सगळे सीओ साहेब म्हणतात. त्यांच्या बाजूला भैयाजी. भैयाजी म्हणजे जुन्या मालगुजाराचे, गावच्या जमीनदाराचे, नातू. ते कधी निवडून येत नाहीत, कारण कधी उभेच राहत नाहीत. पण सरपंच कोणीही होवो, मंचावर त्यांची खुर्ची असते.

मी त्या ग्रामपंचायतीची लिपिक होते. घरटॅक्स, पाणीपट्टी, जन्माचे दाखले, मृत्यूचे दाखले, सारं माझ्या टेबलावरून जायचं. म्हणून मी निवांत होते. चांगली साडी नेसून पहिल्या रांगेत बसले होते. मायलाही सोबत आणलं होतं.

आधी राजूचं नाव पुकारलं. राजू आमचा शिपाई. भैयाजींचा पुतण्या.

"लिपिक," सीओ साहेबांनी वाचलं. टाळ्या.

मग माझं नाव.

"सफाई कामगार."

टाळ्या त्यालाही वाजल्या.

मला वाटलं, साहेबांनी चुकीची ओळ वाचली. मी उठले, तशीच मंचाकडे गेले, विचारायला. लोकांना वाटलं, आदेश घ्यायला आली. माझ्या हातात पाकीट दिलं. मग हातमोजे. मग गमबूट. मग ते नारिंगी जॅकेट. शेवटी लांब दांड्याचा झाडू, वरचं प्लास्टिकही न काढलेला.

भैयाजींनी माइक जवळ ओढला. "हिच्या हाताले सवय आहेच. रोज पाहतो ना बाप्पा आपण!"

सभागृह हसलं.

ते हसणं दुष्ट नव्हतं, हे मला सांगितलंच पाहिजे. घरच्या पोरीची गंमत करावी तसे हसले सारे. त्यात माझ्या मोहल्ल्यातलेही होते. म्हणूनच ते अजून माझ्यात जिरत नाही. शिवी दिली असती तर शिवी परत केली असती. गमतीला काय परत करायचं?

संध्याकाळपर्यंत फोटो गावाच्या ग्रुपवर आला. खाली अंगठे. खाली फुलं. "अभिनंदन ताई."

*

ती सवय कुठून आली ते सांगते. कारण भैयाजी खोटं बोलले नव्हते. गावानं मला रोज झाडताना पाहिलं होतं.

माझी आजी भैयाजींच्या आजोबांचं अंगण झाडायची. झाडत झाडत मागे सरकायचं, म्हणजे अंगणात तिच्या पावलाची खूण राहायची नाही. अशी शिस्त होती. छप्पन साली आजी-आजोबा नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. त्यानंतर आजी त्या अंगणात गेली नाही. मालगुजाराचा माणूस घरी आला, काहून येत नाही म्हणून. आजी त्याला म्हणाली, "आता आमचं आंगन हाय. थेच झाडतो आमी."

घरात नियम झाला. दुसऱ्याचं अंगण झाडायचं नाही. आपलं दुसऱ्याकडून झाडून घ्यायचं नाही.

पुढे मोहल्ल्यात विहार बांधलं. विहाराला झाडूवाला ठेवला नाही. घराघराची पाळी लावली. आणि ज्या घराची पाळी, त्या घरातला सगळ्यात शिकलेला माणूस झाडणार. ही आमच्याच मोहल्ल्याची रीत, दुसरीकडे मी कुठं पाहिली नाही. आजोबांच्या पिढीनं ठरवलं म्हणतात. शिकलेल्याचं डोकं हवेत जाऊ नये म्हणून. आणि झाडूची लाज जावी म्हणून.

बाबा मँगनीजच्या खाणीत राबले. सहीपुरतं शिकलेले. तरी घरात तेच जास्त शिकलेले, म्हणून विहार तेच झाडायचे. मी दहावी पास झाले त्या पौर्णिमेला त्यांनी झाडू माझ्या हातात दिला. "आता तुही पाळी," म्हणाले. घरात पेढे आणले नव्हते. झाडू दिला होता. मला केवढा मान वाटला! मैत्रिणींना बोलावून दाखवलं होतं, बघा, आमच्या घरची आता मी झाडते.

मग नागपूर. सक्करदऱ्यात आत्याकडे राहिले. दिवसा कॉलेज, संध्याकाळी महाल भागातल्या एका भांड्यांच्या दुकानात बिलं लिहायची. सुट्टीत गावी आले की विहाराची पाळी माझी. बी.कॉम. झाल्यावरही माझीच.

ग्रामपंचायतीत लागले तेव्हा ऑफिसात टेबलाखाली धुळीचे ढीग होते. झाडायचं काम शिपायाचं, आणि राजू यायचा दुपारच्या चहाला. मी सचिवाला सांगून पाहिलं. आमच्याकडे ग्रामसेवकाला सचिव म्हणतात. तो म्हणाला, "भैयाजीचा माणूस आहे. मी काय बोलू, तूच सांग."

एका सकाळी मीच झाडू घेतला. लाज वाटली नाही. उलट बरं वाटलं. त्या ऑफिसात धड शिकलेली मीच होते. म्हटलं, पाळी माझी.

एवढंच माझं चुकलं. मी ते ऑफिस आपलं समजले.

मला झाडताना विहार दिसायचं. गावाला माझी आजी दिसायची.

*

नगरपंचायत झाली की कायद्यानं ग्रामपंचायत संपते. तिची पदंही संपतात. कोण कोणत्या नव्या पदावर जाणार, ते शिक्षण आणि प्रत्यक्ष काम पाहून ठरणार होतं. 'प्रत्यक्ष काम' हे शब्द सचिवानं वाचून दाखवले तेव्हा मी खूश झाले. राजूही बी.ए. होता, घरबसल्या झालेला. पण काम? त्यानं कधी पाणीपट्टीची एक पावती फाडली नव्हती.

पाहणीला तालुक्याहून साहेब येणार होते. त्या सकाळी मी पोचले तर राजू आधीच हजर. इस्त्रीचा शर्ट. केसांना तेल. माझ्या खुर्चीत बसून कॉम्प्युटर सुरू केलेला.

"ताई," तो म्हणाला. एरवी मी 'ओ मॅडम' असायची. त्या दिवशी ताई. "साहेब लोक येऊन राहिले. तेवढं झाडून घे ना वं. माही कंबर धरली. मी पाहतो तवर कॉम्प्युटरचं."

मी पदर खोचला. पाहुणे येणार, ऑफिस नीट दिसलं पाहिजे. बाकं सरकवली. कोपरे झाडले. बाहेरचा ओटा झाडत होते तेव्हा जीप थांबली. मी झाडू घेऊन बाजूला झाले, साहेबांना वाट दिली. एकानं विचारलं, "बाई, आत कोण आहे?"

"राजू आहे. या ना साहेब."

मीच म्हटलं. या ना साहेब.

मागून भैयाजी आले. साहेबांनी ओट्यावरच्या म्हाताऱ्यांना विचारलं, ही बाई रोज झाडते का? रोज झाडते, ते म्हणाले. कौतुकानं म्हणाले. हात धुऊन मी आत गेले, आपण लिपिक आहोत हे सांगायला. साहेब चहा पीत होते. "झालं, झालं आमचं," म्हणाले. राजू माझ्या खुर्चीतून उठला नाही. मला तेही साधंच वाटलं. कंबर धरली आहे बिचाऱ्याची.

*

कार्यक्रमाहून घरी आलो. मायनं नारिंगी जॅकेटची घडी केली आणि कपाटात ठेवली, तिच्या चांगल्या साड्यांच्या वर. शेजारच्या बाया आल्या. "पक्की नोकरी लागली वं! नशीब काढलं पोरीनं!" बाबा गमबूट हातात घेऊन उलटसुलट पाहत होते. म्हणाले, "खाणीत आमाले कधी नाही भेटले असे." मग खोकत बसले. खाणीनं त्यांना तेवढं एक कायमचं दिलं आहे.

बाया गेल्यावर माय म्हणाली, "घेऊन टाक पोरी. झाडू तं झाडू. विहारात नाही झाडत का तू?"

"विहारात मी झाडते, माय. इथं मला झाडायले लावलं आहे."

"पगार तं पक्का आहे ना?"

पगार पक्का होता. बाबांचं औषध, गळकं छप्पर, सगळं त्या एका शब्दात होतं. खरं सांगते, तेव्हा माझं मन हो म्हणायच्या काठावर आलं होतं.

तेवढ्यात सुमनबाई आली.

सुमनबाई गावातले रस्ते झाडते, नाल्या काढते. मी शाळेत जायच्या आधीपासून. पण ग्रामपंचायतीनं तिची नेमणूक कधी केलीच नव्हती. रोजावर ठेवलं. सचिवानं तिला सांगून ठेवलं होतं, नगरपंचायत झाली की तुला पक्कं करू. सफाईची पक्की जागा आली. त्या जागेवर माझं नाव लागलं. सुमनबाईला ठेकेदाराकडे देऊन टाकलं.

ती ओट्यावर बसली नाही. उभ्यानंच म्हणाली, "दाखव वं तुहे गमबूट."

मी बाबांजवळचे गमबूट उचलून तिच्यापुढे ठेवले.

"चिखलात माही बोटं सडली. अन् गमबूट बी.कॉम.वालीले!"

"सुमनबाई, मी मागितले नाही ते."

"नाही मागितले, तं तोंड पाडून काहून बसली? फोटो पाहिला म्या. झाडू अस्सा धरला होता तुनं, जसा मेलेला साप." तिचा आवाज चढला. "तुले ज्याची लाज वाटून राहिली ना, थो झाडू माहा आहे. त्याच्यासाठी भांडून राहिली मी."

माय मध्ये पडली, चहा ठेवते म्हणाली. सुमनबाईनं हातानंच नाही म्हटलं.

मी तिच्यासमोर उघडी पडले होते. दुपारपासून माझ्या मनात एकच होतं: हे काम माझं नव्हे, मी शिकलेली. भैयाजींचंही म्हणणं तेच. हे काम हलकं आहे, म्हणून ते ठरावीक लोकांचं. आमच्यात वाद एवढाच की त्या लोकांत मी बसते की नाही. आजोबांनी झाडूची लाज घालवायला पाळी लावली, आणि लाज माझ्यात एवढी शिल्लक होती.

आणि मग दुसरी गोष्ट डोळ्यांपुढे आली. एका आदेशात दोन बायांच्या जागा काढल्या होत्या. माझी राजूला. सुमनबाईची मला. राजू आपल्या घरी आरामात बसला होता, आणि आम्ही दोघी माझ्या दारात एकमेकींशी भांडत होतो.

"सकाळी माझ्यासोबत चला," मी म्हटलं. "सीओकडे."

"मी कायले येऊ? मले कोण घेते आत?"

"मी घेते."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मला माझंच बोलणं मोठं वाटलं. पण सकाळी ती आली.

*

राजू माझ्या खुर्चीत होता. मी शिवलेली गादी त्याच्याखाली. मला पाहून तो कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघायला लागला. पडदा बंद होता.

सीओ साहेबांच्या खोलीत भैयाजी बसलेच होते. दारावरच्या माणसानं सुमनबाईला अडवलं. मी तिचा दंड धरला आणि आत घेतलं. टेबलावर जॅकेट ठेवलं. हातमोजे ठेवले. झाडू भिंतीला टेकवला. गमबूट ठेवायला वाकले, तर सुमनबाई मागून कुजबुजली, "गमबूट कायले परत करून राहिली वं?"

ठेवले मी ते. तिला अजून राग आहे त्याचा.

"साहेब, मला हे पद मान्य नाही."

"अहो, पक्कं पद आहे. लोक रांगा लावतात अशा जागेसाठी."

"मी लिपिक आहे."

"तुम्ही ग्रामपंचायतीच्या लिपिक होत्या. ती ग्रामपंचायत आता अस्तित्वात नाही."

"राजूही तिथलाच शिपाई होता, साहेब. त्याचं अस्तित्व कसं राहिलं?"

साहेब पंख्याकडे बघायला लागले. भैयाजी हसले. तेच हसू, गमतीचं. "अवं, कामाची कायची लाज? मोठे मोठे लोक झाडू घेऊन फोटो काढतात. अन् तुमच्या विहारात तूच झाडते ना?"

"झाडते," मी म्हटलं. "आमच्यात सगळ्यात शिकलेला झाडतो. तुमच्या घरी कोण झाडते, भैयाजी?"

भैयाजींनी सीओ साहेबांकडे पाहिलं.

"झाडू एवढा मानाचा आहे, तर तो राजूला द्या. खुर्ची मला द्या. आणि ही पक्की जागा सुमनबाईची आहे, तिला द्या."

भैयाजींचं हसू गेलं. "लय बोलाले लागली तू."

तो आवाज मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होते. पण ओळखीचा होता. आजीच्या दारात जो माणूस काहून नाही आली म्हणून विचारायला आला होता, त्याचा तो आवाज. मला अचानक मोकळं वाटलं. गंमत संपली होती. आता उत्तर देता येत होतं.

सीओ साहेब म्हणाले, "नाकारत असाल तर लिहून द्या. पण मग परत मागायला येऊ नका."

"लिहून देते," मी म्हटलं. "आणि मागायलाही येईन."

लिहून दिलं. सुमनबाईचा वेगळा अर्ज लिहिला, तिनं अंगठा लावला. बाहेर पडताना राजूनं मान वर केली नाही.

*

आता मला नोकरी नाही. आम्ही दोघींनी दाद मागितली आहे. नागपूरला तारखा पडतात. तारखेला जायचं, बसायचं, पुढची तारीख घेऊन एसटीनं परत यायचं. समोरचे वकील 'प्रत्यक्ष काम' म्हणतात, आणि पद मी राजीखुशीनं घेतलं म्हणून तो फोटो पुढे करतात. त्यात मी झाडू वर धरून उभी आहे. त्यांचा सगळ्यात मोठा पुरावा माझाच हात आहे.

बाबांचा खोकला वाढला. माय कधीकधी कपाट उघडते आणि जॅकेट ठेवलं होतं तिथं बघत राहते. मी तिकडे पाहत नाही. पाहिलं तर मला उत्तर द्यावं लागेल, आणि पक्क्या पगाराला माझ्याकडे आजही उत्तर नाही.

नगरपंचायतीसमोर टिनाची एक खोली भाड्यानं घेतली आहे. तिथं लोकांचे अर्ज भरून देते. आता दाखले ऑनलाइन झाले, ठरलेल्या मुदतीत द्यावे लागतात, तसा कायदाच आहे. राजूला ते जमत नाही. तो लोकांना खिडकीतून बोट दाखवतो, "समोर थे ताई बसते ना, तिच्याकडून भरून आणा." म्हणजे लिपिकाचं काम मी अजून करतेच. प्रत्यक्ष.

सुमनबाई ठेकेदाराकडेच आहे. परवा नाली काढता काढता माझ्या दाराशी थांबली. म्हणाली, "तू जितली तं खुर्चीवर बसशीन. मी जितली तं झाडीनच. फरक आहे ना वं पोरी?"

मी हो म्हटलं. फरक आहे. तिला खोटं सांगितलं नाही.

रोज सकाळी मी माझी टिनाची खोली झाडते. समोरचा रस्ताही झाडते, माझ्या हद्दीपुरता. नगरपंचायतीच्या दारातून सगळ्यांना दिसते. एकदा भैयाजींची गाडी थांबली. काच खाली आली. "अजून झाडूनच राहिली का वं?"

"हो. माझं आहे ते झाडते. तुमचं तुम्ही झाडा."

काच वर गेली.

मी ठरवलं आहे. किती तारखा पडायच्या त्या पडू देत. माझी खुर्ची मी घेणार, आणि सुमनबाईची जागा तिच्या नावावर झाल्याशिवाय ती लढाई संपली असं म्हणणार नाही. ज्या दिवशी माझा निकाल लागेल, त्या दिवशी सकाळी लवकर जाईन. दार उघडीन. सगळं ऑफिस झाडीन, राजूच्या टेबलाखालचंसुद्धा, कारण तिथं शिकलेली मी आहे आणि पाळी माझी आहे. झाडताना मागे सरकणार नाही. माझ्या पावलांच्या खुणा पडतील तशा पडू देईन. मग खुर्ची ओढून बसेन.

फोटो काढायचा असेल तर तेव्हा काढा. झाडू मी स्वतःच वर धरीन.